सिल्व्हरची पट्टी तीन महिने चालू आहे आणि जखम तशीच: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांचं वय 71, मधुमेह जुना. उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी जखम पाच महिन्यांपासून आहे. त्यातले तीन महिने सिल्व्हरची पट्टी, एक दिवसाआड. जखम वाढत नाही, भरतही नाही, कडेची कातडी करडी पडली आहे. पट्टी चालू ठेवायची की याहून भारी काही मिळतं? आणि इतकी चांदी अंगात गेली तर बाधत नाही का?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. जखमेत जंतुसंसर्गाची लक्षणं नसतील तर सिल्व्हर बंद करायला सांगा आणि साध्या, ओल धरणाऱ्या पट्टीवर या. याहून भारी पट्टी शोधू नका. तळपायाच्या त्या जागेवर पाच महिने टिकलेली जखम पट्टी कमी पडली म्हणून टिकत नाही. ती जागा रोज चालताना दाबली जाते म्हणून टिकते, किंवा तिथे रक्त पोचत नाही म्हणून, किंवा खालचं हाड सडलेलं असतं म्हणून. या तिन्हींवर चांदीचा काही इलाज नाही. मी पाय पाहिलेला नाही, त्यामुळे यांतलं नेमकं कोणतं ते तुमच्या डॉक्टरांना तपासूनच ठरवावं लागेल. पण इंदुरात इतकी वर्षं मधुमेही पायाच्या जखमा बघतोय, आणि 'महागडी पट्टी चालू, चप्पल मात्र तीच' हे दृश्य मला नवं नाही.

चांदीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ती वाईट नाही. चुकीच्या कामाला लावली जाते, एवढंच. धातूरूपातली चांदी बहुतांशी स्वस्थ बसून असते. ओल लागली की तिच्यातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, सुटतात आणि जंतू मारण्याचं काम हे आयन करतात. ते जंतूच्या बाहेरच्या आवरणाला, आतल्या प्रथिनांमधल्या गंधकयुक्त भागाला आणि डीएनएलाही चिकटतात. एकाच वेळी इतक्या ठिकाणी मार बसत असल्यामुळे नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणारे स्टॅफिलोकॉकससुद्धा चांदीला दबतात. जखमेत हिरवट पू करणारे स्यूडोमोनासही दबतात. अडचण अशी की जखमेच्या पाण्यात क्लोराइड आणि प्रथिनं भरपूर असतात, आणि ती हे आयन लगेच पकडून निकामी करतात. म्हणून चांदी सतत, थोडी थोडी सुटत राहणं गरजेचं असतं. आजच्या पट्ट्यांमधली सगळी कारागिरी याच एका गोष्टीसाठी आहे. कुठे अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर, कुठे ओल शोषून जेलीसारखं होणाऱ्या तंतूंमध्ये चांदी, कुठे फोममध्ये.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. 1880च्या दशकात जर्मनीत क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि जन्मताना लागणाऱ्या संसर्गातून येणारं अंधत्व झपाट्याने कमी झालं. 1965 मध्ये अमेरिकेत मोयर यांनी भाजलेल्या रुग्णांवर 0.5 टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या पुन्हा वापरात आणल्या. त्या दिवसातून कित्येकदा भिजवाव्या लागत, चादरी काळ्या होत आणि रुग्णाच्या रक्तातलं सोडियम घसरत असे. 1968 मध्ये फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. आपल्याकडे घरोघरी 'जळाल्यावर लावायचं पांढरं मलम' म्हणून जे असतं, ते हेच.

त्या मलमाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण सिल्व्हर म्हटलं की निम्म्या लोकांच्या मनात तेच येतं. जुनाट जखमेवर ते मला आवडत नाही. ते रोज धुऊन पुन्हा लावावं लागतं आणि जखमेवर पांढरट-पिवळा थर धरतं. तो थर पू समजून घरचे घाबरतात किंवा सिस्टर खरवडून काढतात, आणि खालची नवी कातडी त्याच्याबरोबर निघते. उथळ भाजलेल्या जखमाही त्याने उशिरा भरतात, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावं. गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि तान्ह्या बाळांना ते लावू नये.

आता मुद्द्याचं. चांदी जंतू मारते, पण जखम भरून आणते का? ब्रिटनमध्ये पायाच्या व्हेनस, म्हणजे शिरांत रक्त तुंबून होणाऱ्या, जखमांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. 213 रुग्ण होते. दोन्ही गटांना दाब देणारी पट्टी होती, आतली पट्टी एका गटाला सिल्व्हरची आणि दुसऱ्याला साधी. बारा आठवड्यांनी सिल्व्हरवाल्यांपैकी 59.6 टक्के भरल्या, साध्यावाल्यांपैकी 56.7 टक्के. म्हणजे धरण्यासारखा फरक नाहीच. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने 2023च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटलं आहे की जखम लवकर भरावी एवढ्यासाठी चांदीसारखी जंतुनाशकं असलेल्या पट्ट्या वापरू नका. जंतुसंसर्गावर इलाज म्हणूनही ते चांदीची शिफारस करत नाहीत.

या दुसऱ्या मुद्द्यावर मी त्यांच्याइतका कडक नाही, हे कबूल करतो. मी सिल्व्हर वापरतो, पण मोजक्या वेळी. जखम नीट चालली होती आणि अचानक अडली, पाणी वाढलं, वास यायला लागला, तळाचं मांस गडद लाल आणि इतकं ठिसूळ झालं की गॉज लागला तरी रक्त येतं, आसपासची लाली मात्र पसरलेली नाही, अशा वेळी. पायाला संवेदना नसताना नव्यानेच दुखायला लागलं तर तेही संसर्गाचंच लक्षण समजावं. अशा जखमेत जंतू बहुधा बायोफिल्म करून, म्हणजे चिकट आवरणाखाली वसाहत करून बसलेले असतात. क्षिप्रेच्या घाटावर पायरीला धरलेलं शेवाळ नुसत्या पाण्याने जात नाही, खरवडावं लागतं, तसंच हे. आधी सुरीने किंवा क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या चमच्यासारख्या हत्याराने, मेलेलं मांस आणि घट्टे साफ करायचे. बायोफिल्म एक ते तीन दिवसांत पुन्हा धरू लागते. चांदीचा उपयोग झाला तर याच दिवसांत होतो. जखम न खरवडता वर सिल्व्हर ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आणि मुदत दोन आठवडे. 2012 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून हा नियम सुचवला होता. तो संशोधनातून सिद्ध झाला असं नाही, पण शहाणपणाचा आहे. दोन आठवड्यांनी जखम सुधारली आणि संसर्गाची लक्षणं गेली असतील तर साध्या पट्टीवर यायचं. सुधारली पण लक्षणं थोडी उरली असतील तर आणखी थोडे दिवस. काहीच फरक नसेल तर सिल्व्हर थांबवून कारण शोधायचं. तुमच्याकडे तीन महिने झाले. दोन आठवड्यांनंतर कुणी थांबून पाहिलंच नाही, असं दिसतं. यात तुमची काही चूक नाही. पट्टी बदलणारा एक, लिहून देणारा दुसरा आणि बिल भरणारा तिसरा असला की हे असंच चालू राहतं.

लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटीमीटरच्या पुढे गेली, पाय गरम होऊन सुजला, पू खोलातून येतोय, ताप किंवा थंडी वाजतेय, तर मात्र विषय पट्टीचा राहतच नाही. चांदी जखमेच्या पृष्ठभागावर काम करते, आत पसरलेल्या संसर्गापर्यंत ती पोचत नाही. तिथे पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक लागतं आणि अनेकदा त्याच दिवशी चीर देऊन पू काढावा लागतो. साखर अचानक 300च्या वर राहू लागली आणि कारण सापडत नसेल, तरी आधी पाय उघडून बघा. जुन्या मधुमेह्यांना ताप न येताही पाय आतून कुजलेला मी पाहिला आहे.

तर मग तुमच्या सासऱ्यांची जखम का भरत नसेल? पहिला संशय दाबाचा. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला जे हाड टेकतं, त्यावर चालताना शरीराचा बराच भार येतो. पायाला संवेदना असती तर माणूस लंगडला असता. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की लंगडत नाही, जखमेवरच मजेत चालतो. 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टोचून ही संवेदना दोन मिनिटांत तपासता येते. त्यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट. त्याने भार पूर्ण पायावर आणि पोटरीवर वाटला जातो. 'काढता न येणारं' हे महत्त्वाचं. काढता येणारा बूट दवाखान्यात पायात असतो आणि घरी पलंगाखाली. मात्र रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा संसर्ग जोरात असेल तर प्लास्टर चालत नाही, म्हणून ते जाणकारानेच घालावं. काहीच शक्य नसेल तर जखमेच्या भोवती फेल्टची जाड गादी कापून चिकटवणं आणि योग्य पादत्राण, हा किमान उपाय.

आपल्या लोकांचं एक सांगतो. बाहेर जाताना जपून बूट घालतील, पण घरात अनवाणी. देवघरात, स्वयंपाकघरात, संध्याकाळी खजराना गणपतीला. मे महिन्यात तिथल्या तापलेल्या फरशीवर बधिर पायांनी चालून तळव्याला फोड आलेले लोक दरवर्षी येतात. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला रात्रभर उभे राहून दुसऱ्या दिवशी 'पट्टी भिजली' म्हणून येणारेही आहेत. एका आजोबांची जखम भरत आली होती, आणि त्यांना नर्मदा परिक्रमेला निघायचं होतं, तेही पायी. श्रद्धेच्या आड मी येत नाही, पण जखम पूर्ण भरून पुढचे काही महिने पाय शाबूत राहिल्याशिवाय परवानगी देत नाही, गाडीने परिक्रमा करणाऱ्यांची उदाहरणं सांगतो. तुमच्या सासऱ्यांची घरातली पावलं कोण मोजतं? जखम भरण्याचा निकाल तिथेच लागतो.

दुसरं रक्ताभिसरण. पायाची नाडी लागते का, एवढ्यावर थांबू नका. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते 0.5च्या खाली, किंवा घोट्याचा दाब 50च्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने जायचं. जुन्या मधुमेह्यांत आणखी एक फसवणूक होते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे आकडा उगाच चांगला किंवा जास्तच येतो, 1.3च्याही वर. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा. तो 30च्या खाली असेल तर रक्तवाहिनी उघडल्याशिवाय जखम भरण्याची आशा कमी. आणि बोट काळं, कोरडं पडलं असेल आणि रक्त पोचत नसेल तर ते ओलं करणाऱ्या कुठल्याही पट्टीने झाकू नये, सिल्व्हरनेही नाही. कोरडंच ठेवून सर्जनला दाखवा.

तिसरं हाड. निर्जंतुक, बोथट सळईने जखमेत तपासताना टोकाला कडक, खडखडीत लागलं तर हाडाला संसर्ग असण्याची शक्यता बरीच वाढते. त्याबरोबर रक्तातला ईएसआर (सूज, संसर्ग असला की वाढणारा आकडा) 70च्या वर असेल तर संशय आणखी पक्का. एक्स-रे सुरुवातीला साधा दिसू शकतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढावा. तरीही शंका राहिली तर एम.आर.आय. हाड न काढता औषधांनीच इलाज करायचा तर अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे चालतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, एम.आर.आय.ला जाण्याआधी सिल्व्हरची पट्टी काढायला सांगा. तिथले कर्मचारी प्रत्येक वेळी विचारतातच असं नाही.

साखर, मूत्रपिंड, जेवणातली प्रथिनं, धूम्रपान हे सगळं आहेच. प्रथिनांबद्दल इंदुरी घरांत थोडी बोंब असते. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी वरण-भात, रात्री खिचडी. डाळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी, हे मुद्दाम वाढवावं लागतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर किती वाढवायचं ते डॉक्टर सांगतील.

पायाची जखम घोट्याच्या वर, आतल्या बाजूला असेल आणि सोबत फुगलेल्या शिरा असतील तर गोष्ट वेगळी. दिवसभर भट्टीसमोर किंवा गल्ल्यावर उभं राहणाऱ्यांत ही फार. तिथे खरा इलाज दाब देणारी पट्टी आणि शिरेवरची शस्त्रक्रिया. सिल्व्हर तिथेही दुय्यमच, वर सांगितलेली चाचणी अशाच जखमांवरची आहे.

सिल्व्हर लावायचीच असेल तेव्हा ती नीट लावावी. स्फटिकांच्या थराची पट्टी निर्जंतुक पाण्याने ओली करायची, सलाइनने नाही. सलाइनमधलं क्लोराइड चांदीला धरून ठेवतं आणि आयन जखमेपर्यंत पोचत नाहीत. तंतूची, जेली होणारी पट्टी कोरडीच ठेवायची, ती जखमेचं पाणी घेऊन काम करते. म्हणून कोरड्या जखमेवर तिचा उपयोग नाही. खोलगट जखमेत ती अलगद भरायची, ठासायची नाही, आणि कडेच्या बाहेर थोडी येऊ द्यायची. खाली व्हॅसलिनसारखं तेलकट मलम लावलं तर चांदी आणि जखम यांच्यामध्ये पडदाच तयार होतो. मेलेलं मांस विरघळवणारी एन्झाइमची मलमं चांदीसोबत नीट काम करत नाहीत. आणि पट्टीच्या जातीप्रमाणे ती तीन ते सात दिवस काम करण्यासाठी बनवलेली असते. पाणी फार नसेल तर दिवसाआड उघडणं म्हणजे अर्धी चांदी कचऱ्यात टाकणं. दवा बाजारात घाऊक दरात घेतली तरी ही पट्टी साध्या पट्टीच्या कित्येक पट महाग पडते.

तुम्ही लिहिलेला करडा रंग बहुधा चांदीचाच आहे. कातडीच्या वरच्या थरात तिचे कण बसतात आणि पट्टी बंद केल्यावर हळूहळू जातात. निळसर-हिरवा रंग आणि गोडसर, कुबट वास असेल तर तो स्यूडोमोनास. काळं, मऊ, खालून ओलं लागणारं असेल तर ते मेलेलं मांस. फोटो उजेडात काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. दर आठवड्याला लांबी-रुंदी लिहून ठेवा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर चालू इलाज अपुरा आहे, असं आम्ही धरतो.

चांदी अंगात जाण्याची भीती रुपयाएवढ्या जखमेसाठी सोडून द्या. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत रक्तातली चांदी वाढते, तिथे आम्ही लक्ष ठेवतो. कातडी कायमची निळसर-राखी होण्याचा जो विकार आहे तो बहुतेक वेळा वर्षानुवर्षं चांदी पोटात घेणाऱ्यांत दिसतो, म्हणून 'चांदीचं पाणी' म्हणून विकली जाणारी द्रावणं कृपा करून पाजू नका. खरी काळजी दोन गोष्टींची आहे. प्रयोगशाळेत चांदी नव्या कातडीच्या पेशींनाही मारते, म्हणून स्वच्छ, भरू लागलेल्या जखमेवर ती नको. आणि जंतू तिलाही सरावतात. 1975 मध्येच बोस्टनच्या एका बर्न्स विभागात चांदीला न जुमानणारे साल्मोनेला सापडले होते.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सराफ्याच्या गावात तो येतोच: मिठाईवरचा वर्ख जखमेवर लावला तर? नाही. तो निर्जंतुक नसतो, त्यात कधीकधी ॲल्युमिनियम असतं, आणि त्यातून किती आयन सुटतील याला काही धरबंध नाही. मधुमेही पायावर हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट यांच्याच यादीत तो टाका.

पुढच्या भेटीला डॉक्टरांना सरळ विचारा: संवेदना तपासली का, अंगठ्याचा रक्तदाब मोजला का, सळईला हाड लागतं का, आणि पायावरचा भार कमी करायला प्लास्टर घालता येईल का. विचारल्याचा राग कुठल्याही चांगल्या डॉक्टरला येत नाही. जाताना जुने-नवे एक्स-रे, आठवड्यांचे फोटो आणि सासरे घरात जी चप्पल घालतात ती पिशवीत घालून न्या. तिच्या तळाला अंगठ्याच्या खाली खड्डा पडला असेल तर तो डॉक्टरांना दाखवा.